डोंगर कुठे झुकला?

कॅमेऱ्याच्या पाठीवर फोटोशेजारी जो छोटासा डोंगर उमटतो, त्याचं 'हिस्टोग्राम' हे नाव फोटोवाल्यांनी ठेवलेलं नाही. ते संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनचं. लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजातल्या १८९१ च्या व्याख्यानांत त्याने ते वापरलं आणि १८९५ च्या निबंधात ते छापून आलं. त्या निबंधात हवेचा दाब आहे, खेकड्यांची मापं आहेत. उजेडाचा मात्र पत्ता नाही.

उजेड मोजणारे दोघे तेव्हा इंग्लंडमधल्या विड्नेसच्या रसायन कारखान्यांत होते. व्हीरो ड्रिफिल्ड हा इंजिनिअर आणि हौशी फोटोग्राफर; त्याला अंदाजपंचे काम नको होतं. सोबतीला रसायनतज्ज्ञ फर्डिनांड हर्टर. १८९० मध्ये त्यांनी फोटोच्या काचेवर पडलेला उजेड आणि काचेवर साठलेला काळेपणा यांचा वक्र काढला. वक्राच्या दोन्ही टोकांना रेषा आडवी होते, म्हणजे तिथे उजेड वाढला-घटला तरी काचेला ते कळत नाही. आज आपण 'हायलाइट उडाले' म्हणतो, त्याची ही आजी.

अन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या फोटोग्राफरांनी १९३९-४० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये झोन पद्धत बसवली, तिची मात्र जात निराळी. शून्य म्हणजे निव्वळ काळा, दहा म्हणजे निव्वळ पांढरा, पाच मधला करडा. सावलीतला हा खडक तिसऱ्या झोनमध्ये हवा, हे फोटोग्राफर शटर दाबण्याआधी ठरवणार. इथे प्रत्येक टोनला पत्ता होता.

हिस्टोग्रामला पत्ता ठाऊक नाही. तो फक्त डोकी मोजतो: कोणत्या टोनचे किती ठिपके, डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे. मोजायला आधी फोटोचे ठिपके व्हावे लागले, आणि ते १९५७ मध्ये अमेरिकेत संगणक अभियंता रसेल किर्शने केले: आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो, १७६ बाय १७६ ठिपके. एका स्कॅनमध्ये ठिपका काळा किंवा पांढरा एवढंच. त्याचा हिस्टोग्राम काढला असता तर डोंगर कसला, दोन खांब! १९६५ मध्ये मरिनर ४ यानाने मंगळाचे फोटो पाठवले तेव्हा करड्याच्या ६४ पायऱ्या झाल्या होत्या. पण चित्रं फिकट, सगळे टोन एका कोपऱ्यात दाटलेले. ते संगणकाने ताणून पसरवावे लागले. १९९० च्या फोटोशॉपमधलं 'लेव्हल्स' हेच ताणणं घरोघरी घेऊन आलं.

पुढे डोंगर कॅमेऱ्यात शिरला आणि पडद्याच्या चकाकीला भुलणाऱ्या डोळ्याला साक्षीदार मिळाला. २००३ मध्ये फोटोग्राफर मायकेल रायकमनने सल्ला दिला की डोंगर उजव्या भिंतीला न चिरडता उजवीकडे सरकवा. हिशेब सरळ आहे. १२ बिटांच्या रॉ, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या, फाइलमधल्या ४०९६ पायऱ्यांपैकी २०४८ एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला (एक स्टॉप म्हणजे उजेडाची दुप्पट) मिळतात, त्याखालच्याला १०२४, मग ५१२. सावल्यांच्या वाट्याला चिल्लर.

गंमत अशी, की रॉ काढतानाही बहुतेक कॅमेरे हा डोंगर आधीच प्रक्रिया केलेल्या जेपेगवरून काढतात. उजवीकडे 'गेलं' म्हणून दिसतं, त्यातलं काही रॉमध्ये शाबूत असतं. साक्षीदारही ऐकीव बोलतो म्हणायचं.

आणि 'आदर्श डोंगर मधोमध' हे शिकवणाऱ्यांना मी अंधारातल्या एका पणतीचा फोटो काढायला सांगेन. सगळा डोंगर डाव्या भिंतीला टेकलेला, उजवीकडे केसाएवढी एक रेघ. ती रेघ म्हणजे ज्योत.