कामगिरीचे मानसशास्त्र

कामगिरीचे मानसशास्त्र : येत असलेली गोष्ट ऐन वेळी का बिघडते आणि ती बिघडू नये म्हणून मनाला वळण कसे लावायचे, याचा अभ्यास करणारी उपयोजित मानसशास्त्राची शाखा. खेळ, परीक्षा व नोकरी ही तिची मुख्य क्षेत्रे. नोकरीच्या क्षेत्रात मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांचे औद्योगिक कार्यक्षमतेवरील इंग्रजी पुस्तक १९१३ साली आले. महाराष्ट्रात शिक्षणाच्या अंगाने हे काम आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी स्थापून सुरू केले. खेळाच्या बाबतीत मात्र पहिले नाव घ्यावे लागते ते नाशिकच्या भीष्मराज बाम यांचे.

बाम भारतीय पोलीस सेवेतले अधिकारी. महानिरीक्षकपदापर्यंत पोहोचलेले आणि स्वतः पिस्तूल नेमबाजी करणारे. निवृत्तीनंतर नाशिकला राहून त्यांनी खेळाडूंच्या मनाची तयारी करून घेतली. राहुल द्रविड, गीत सेठी, अंजली भागवत, गगन नारंग ही त्यांतली ठळक नावे. पाश्चात्त्य क्रीडामानसशास्त्राला त्यांनी पातंजल योगाची जोड दिली : प्राणायाम, धारणा आणि खेळण्याआधी ती कृती मनात जशीच्या तशी करून पाहणे. मे २०१७ मध्ये नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले.

नेमबाजीत या शास्त्राची कसोटी उघडी दिसते. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, तर छर्रा साडेचार मिलिमीटरचा. श्वास अर्धवट सोडून थांबवला, तरी छातीतल्या ठोक्याबरोबर नळी हलतेच. अशा वेळी ‘हा नेम चुकला तर अंतिम फेरी गेली’ हा विचार आला, की बोट घाई करते. म्हणून नेमबाजाला गुणफलकाकडे नव्हे, तर श्वास, खांदा आणि घोड्यावरचा दाब यांकडे लक्ष ठेवायला शिकवतात. निकालाची इच्छा सोडायची नसते, फक्त त्या काही सेकंदांपुरती बाहेर ठेवायची असते. ऐकायला सोपे, करायला वर्षे लागतात.

ताण पूर्ण घालवणे हा मात्र उद्देश नव्हे. यर्क्स व डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून पुढे एक ढोबळ नियम रूढ झाला : थोडी उत्तेजना कामाला धार आणते, अति झाली की काम बिघडते, आणि काम जितके अवघड तितकी ही मर्यादा लवकर येते.

शाळेत हेच तंत्र वेगळ्या रूपात लागते. धडा पुन:पुन्हा वाचणाऱ्याला आपल्याला सगळे येते असे वाटते. पण पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्याच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहते, हे रोएडिगर व कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवले. घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवण्याची आपल्याकडची रीत त्यामुळे शास्त्राला धरूनच आहे.

पुन्हा खेळाकडे वळायचे, तर बाम यांच्या नाशिकला मैदानांची वाण नाही : गोदावरीपलीकडे पंचवटीत हिरावाडीचे विभागीय क्रीडा संकुल, अलीकडे भोसला सैनिकी शाळेची मैदाने. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत याच शहरात घडली आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. बाम यांचे मार्गदर्शन तिलाही लाभले.

कचेऱ्या-कारखान्यांत या विषयाचे बहुधा एका दिवसाच्या व्याख्यानात रूपांतर होते, जेवणासह. सराव नसल्याने त्याचा असर फार टिकत नाही.