उंचीमापन, सुदूर संवेदनाद्वारे : पेण व रोहे
भूपृष्ठावरील बिंदूंची सरासरी समुद्रपातळीपासूनची उंची विमान अथवा उपग्रह यांवरील उपकरणांच्या साहाय्याने, त्या स्थळी न जाता, निश्चित करण्याची पद्धती. रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) पेण व रोहे या तालुक्यांत अशा पद्धतींच्या मर्यादा विशेष स्पष्ट होतात. कारण तेथे सह्याद्रीचे फाटे आणि खाडीकाठची सखल जमीन एकमेकांस लागून आहेत. पेणकडे धरमतरची व रोह्याकडे कुंडलिकेची खाडी आत शिरते. या खाड्यांच्या काठची भातजमीन मातीचे बांध घालून व पाण्याच्या निचऱ्यासाठी उघाड्या ठेवून खाजणातून मिळविलेली आहे. पूर्वी अशा बांधबंदिस्तीस शिलोत्री म्हणत. पुढे १९४८ चा मुंबई खारभूमी अधिनियम व १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम यांनी तिची व्यवस्था लावली. ही जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली असल्याने बांध अर्धा मीटर खचला, तरी खारे पाणी शेतात शिरते आणि पुढील काही हंगामांचे पीक जाते. डोंगरात नगण्य ठरणारी चूक येथे निर्णायक ठरते.

उंचीमापनाचा पाया जमिनीवरील सर्वेक्षणाने घातला. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणीकरण सुरू केले, तर १८५८ पासून भारतात सूक्ष्म तलेक्षण होऊ लागले. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीमापक आहे. १९०९ मध्ये अशा नऊ केंद्रांवरील सरासरी समुद्रपातळी स्थिर मानून देशातील तलेक्षणाचे जाळे जुळविण्यात आले. तलेक्षणात एक किलोमीटर अंतरामागे चूक काही मिलिमीटरच येते. परंतु काम संथ व खर्चिक असून उंची फक्त ठराविक रेषांवरच मिळते. विसाव्या शतकात हवाई छायाचित्रांच्या जोड्यांवरून समोच्चरेषा काढता येऊ लागल्या. तथापि १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशांतील १० ते २० मी. अंतराच्या समोच्चरेषांत संपूर्ण खारपट्टा सामान्यतः पहिल्या रेषेखालीच राहतो.

उपग्रहीय मापनाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात एकाच स्थळाची दोन कोनांतून घेतलेली चित्रे जुळवितात. १९९९ मध्ये सोडलेल्या टेरा उपग्रहावरील ॲस्टर उपकरणाच्या चित्रांवरून तयार झालेले जागतिक उंची-प्रतिमान २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या २०११ च्या आवृत्तीतील चूक शेकडा ९५ बिंदूंत सुमारे १७ मी.च्या आत आहे. भारताच्या कार्टोसॅट-१ (५ मे २००५) या उपग्रहाच्या २·५ मी. विभेदनाच्या चित्रांपासून केलेल्या प्रतिमानात ही मर्यादा, शेकडा ९० बिंदूंपुरती, सुमारे ८ मी. आहे. दुसऱ्या प्रकारात रडार तरंगांच्या व्यतिकरणाचा उपयोग होतो. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानाने ६० मी. लांबीच्या दांड्याच्या दोन टोकांवरील आकाशकांनी केलेल्या मोहिमेत १६ मी. अचूकता अपेक्षित होती. यूरेशियात प्रत्यक्ष चूक शेकडा ९० बिंदूंत सुमारे ६ मी. आढळली. २०१० नंतरच्या जर्मन टॅनडेम-एक्स मोहिमेवर आधारित कोपर्निकस प्रतिमानात ती ४ मी. पेक्षा कमी आहे.

हे आकडे विस्तीर्ण प्रदेशांचे आहेत. खारपट्ट्यात ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. रडार तरंग कांदळवनाच्या शेंड्यांवरून परावर्तित होतात, त्यामुळे जमीन आहे त्याहून उंच दिसते. ३० मी. बाजूच्या चौकटीत काही मीटर रुंदीचा बांध व शेजारचे शेत यांची सरासरी निघून बांध नकाशातून नाहीसाच होतो. शिवाय उपग्रहाने मोजलेली उंची पृथ्वीच्या विवृत्ताभापासूनची असते. कोकण किनाऱ्याजवळ सरासरी समुद्रपातळीचा पृष्ठ, म्हणजे जिऑइड, विवृत्ताभाच्या ६० मी. हून अधिक खाली असल्याने ती दुरुस्ती चुकल्यास सर्वच उंची चुकते. उलट डोंगरावर उतार व दाट झाडी यांमुळे चूक वाढत असली, तरी रस्त्याची प्राथमिक आखणी किंवा पाणलोट क्षेत्राचा अभ्यास यांस ती सहसा बाधक ठरत नाही.

विमानातून केलेल्या लेसर मापनाने मोकळ्या जमिनीवर १० ते १५ सेंमी. पर्यंत अचूकता साधते. झाडीतील फटींतून काही किरण जमिनीपर्यंत पोहोचतात; मात्र मापन ओहोटीच्या वेळी करावे लागते. २०१८ मध्ये सोडलेला आइससॅट-२ हा उपग्रहही लेसर वापरतो, परंतु त्याची मापने ठराविक पट्ट्यांपुरतीच असल्याने ती मुख्यतः इतर प्रतिमाने पडताळण्यास उपयोगी पडतात. यास्तव उपग्रहीय प्रतिमानावरून पेण-रोह्यातील पूरक्षेत्राची ढोबळ कल्पना येते. बांधाचा माथा किती ठेवावा आणि उघाडी कोठे बसवावी, हे मात्र लेसर मापन व जमिनीवरील तलेक्षण यांवरूनच ठरवावे लागते.