बहुरूप्याची पेटी

दिवाळीची घरसफाई म्हणजे गृहस्थाचे वार्षिक उत्खननच! यंदा आमच्या गोंदियाच्या घरी माळ्यावरून एक पांढरी-तांबडी पेटी निघाली. सोबत दोन रिमोट, एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. तिच्यावर मोठ्या ऐटीत छापलेले, ‘९९९९ खेळ’. प्रत्यक्षात खेळ मोजून सात-आठ. तेच ते पुनःपुन्हा.

वडिलांनी हा व्हिडिओ गेम नागपूरहून आणला, तेव्हा गोंदिया जिल्हाही झाला नव्हता, आम्ही भंडाऱ्याचे. (जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी.) ऐन रंगात वीज जाई आणि बिचारा मारिओ अर्ध्या उडीतच अंतर्धान पावे. कॅसेट रुसली की तिच्यात फुंकर मारायची, हा उपाय आम्हांला कोणी शिकवला होता कोण जाणे!

या पेटीचे मूळ घराणे जपानचे. निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र काढले. त्याची कामाची स्मृती अवघी दोन किलोबाइट. एवढ्या जागेत हा छोटा लेखसुद्धा मावायचा नाही. आमच्या पेटीवर मात्र निन्टेन्डोचे नावही नव्हते. ती सरळसरळ नक्कल होती, आणि तिच्यासारख्या नकलांनीच आपल्याकडची कितीतरी घरे भरली.

पेटी पुसून नव्या टीव्हीला जोडली. खेळ काही लागेना. बंदूक तर निकामीच. ती जुन्या काचेच्या नळीचा प्रकाश ओळखून नेम ठरवी, नव्या पडद्याची भाषा तिला कळत नाही. तेवढ्यात भाचा म्हणाला, “मामा, हे तर फोनवरही चालेल.”

यालाच एम्युलेटर म्हणतात. वाचकहो, फौजदाराच्या वेशात दारी येऊन वॉरंट बजावणारा बहुरूपी आठवतो ना? तसेच हे. नवा संगणक जुन्या यंत्राचे सोंग असे हुबेहूब वठवतो, की खेळाला वाटते आपण आपल्याच घरी आहोत! फेब्रुवारी १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने दुकानांतल्या नाणी टाकून खेळायच्या यंत्रांसाठी ‘मेम’ काढले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये फॅमिकॉम-घराण्याचे सोंग घेणारे ‘नेस्टिकल’ फुकट मिळू लागले. बघता बघता या हौशी मंडळींचा जगभर एक संप्रदायच झाला.

ही चोरी नव्हे काय? सोनीने एका एम्युलेटर-कंपनीला कोर्टात खेचले, तेव्हा २००० साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने तो खटला कंपनीच्या बाजूने फिरवला. म्हणजे सोंग घेणे गुन्हा नाही. भांडण आहे ते खेळाच्या प्रतीचे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याला १९९९ साली झालेल्या दुरुस्तीने स्वतः रीतसर मिळवलेल्या प्रतीवरून घरगुती वापरापुरती नक्कल करण्याची मुभा आहे. माझी पिवळी कॅसेट रीतसर होती, असे शपथेवर सांगण्याची माझी तयारी नाही. पण दुसरी बाजू अशी : अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी शेकडा ८७ आज बाजारात मिळतच नाहीत, असे २०२३ च्या एका पाहणीत आढळले. मालकांनी जे टाकून दिले ते या हौशी लोकांनी जपले, एवढे तरी मान्य करावे लागेल.

आणि त्यांनी नकलाही जपल्या! रशियात १९९२ पासून ‘डेन्डी’ नावाची अशीच नकली पेटी विकली जाई. मूळ जपानी यंत्र सेकंदाला ६० चित्रे काढी, डेन्डी ५०. आपल्या टीव्हीची चालही ५० चीच. कित्येक एम्युलेटरांत आज ‘डेन्डी’ अशी वेगळी कळ आहे.

भाच्याने आधी खेळ ६० वर लावला. मारिओचे गाणे मला भलतेच घाईचे वाटले. पाठीमागे कोणी लागल्यासारखे. मी त्याला ती कळ दाबायला लावली. गाणे संथ झाले, आणि स्वयंपाकघरातून ताईने, त्याच्या आईने, हातातला झारा तसाच ठेवून विचारले, “लागला का रे आपला गेम?”

“पण मामा,” भाचा म्हणाला, “हे चूक आहे. हे हळू वाजतंय.”