नऊ खुर्च्या

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नऊच न्यायमूर्ती असावेत, असं तिथल्या राज्यघटनेत कुठेही लिहिलेलं नाही. राष्ट्राध्यक्षानं नेमावं, सिनेटनं संमती द्यावी, एवढंच घटना सांगते. खुर्च्या किती, हे काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, हाती.

१७८९मध्ये त्या सहा होत्या. न्यायमूर्तींना तेव्हा दूरदूरच्या विभागांत फिरतीवर जाऊन खटले चालवावे लागत. देश पश्चिमेकडे पसरला तशा खुर्च्या वाढल्या: १८०७मध्ये सात, १८३७मध्ये नऊ, १८६३मध्ये दहा. हे झालं सांगण्यासारखं कारण. पण निवडणूक हरलेल्या राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स यांच्या पक्षानं १८०१मध्ये जाता जाता कायदा केला, की पुढची जागा रिकामी झाली की ती भरायचीच नाही. निवडून आलेल्या जेफरसन यांच्या हाती नेमणूक लागू नये, हा त्यातला डाव. नव्या काँग्रेसनं पुढच्याच वर्षी तो मोडीत काढला. १८६६मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचं काँग्रेसशी हाडवैर असताना खुर्च्या पुन्हा सातवर आणायचं ठरलं. त्यांच्या हातून एकही न्यायमूर्ती नेमला गेला नाही. १८६९मध्ये ग्रँट राष्ट्राध्यक्ष झाले आणि आकडा नऊ झाला. तो आजतागायत.

या नऊचा पहिला हिसका बसला तो नोटांच्या खटल्यात. यादवी युद्धाचा खर्च भागवायला लिंकन सरकारनं कागदी नोटा काढल्या, तेव्हा अर्थमंत्री होते सॅमन चेस. पुढे लिंकन यांनी त्यांनाच सरन्यायाधीश केलं. आपला माणूस नोटा सांभाळेल, हा हिशेब. ७ फेब्रुवारी १८७०ला चेस यांनीच निकाल दिला, की जुनी कर्जं या नोटांत फेडून घेण्याची सक्ती घटनाबाह्य आहे! त्याच दिवशी ग्रँट यांनी स्ट्राँग आणि ब्रॅडली ही दोन नावं सिनेटकडे धाडली. १८७१मध्ये हाच प्रश्न पुन्हा आला आणि पाच विरुद्ध चार मतांनी निकाल उलटला. कायद्याचं कलम तेच होतं. मोजणारी डोकी तेवढी बदलली होती. ग्रँट यांनी मुद्दाम माणसं पेरली, असा आरोप तेव्हाच झाला.

न्यायालय आपल्या बाजूला वळवायला १९३७मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जास्तीत जास्त सहा खुर्च्यांची वाढ मागितली. त्यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या सिनेटनं ती अडवली. मग ते नुसते पदावर टिकून राहिले आणि आठ नवे न्यायमूर्ती त्यांनीच नेमले. जिमी कार्टर यांच्या अख्ख्या चार वर्षांत मात्र एकही खुर्ची रिकामी झाली नाही.