सामना

सामना : ग्रामीण सत्ताकारणावरील एक महत्त्वाचा मराठी चित्रपट. निर्मिती १९७४, प्रदर्शन १९७५. दिग्दर्शक जब्बार पटेल, निर्माते रामदास फुटाणे, पटकथा व संवाद विजय तेंडुलकर यांचे, तर संगीत भास्कर चंदावरकर यांचे. आरती प्रभू आणि जगदीश खेबूडकर यांची गीते. प्रमुख भूमिका निळू फुले, श्रीराम लागू आणि मोहन आगाशे यांच्या. स्मिता पाटील यांचीही त्यात एक छोटी भूमिका आहे. बाह्यतः हा एका खुनाच्या उलगड्याचा चित्रपट आहे. तथापि त्याची प्रकृती रूढ रहस्यपटाची नसून कृष्णसुखात्मिकेला जवळची आहे. मृत्यू, अन्याय, हिंसा यांसारखे गंभीर विषय विनोदाच्या व उपरोधाच्या अंगाने मांडून प्रेक्षकाला हसता हसता अस्वस्थ करणे, हे कृष्णसुखात्मिकेचे लक्षण होय. मराठी चित्रपटसृष्टीत गुन्ह्याची कथा या रीतीने सांगण्याचा हा एक आरंभीचा आणि लक्षणीय प्रयत्न ठरला.

या चित्रपटामागे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील सुमारे पाव शतकाचे परिवर्तन उभे आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने अहमदनगर (नंतरचे अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरानगर येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे असे अनेक कारखाने निघाले. १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कार्यान्वित झाल्या. सहकार आणि पंचायत राज्य या दोहोंमुळे खेड्यांत पाणी, पैसा, शिक्षण व रोजगार आले. त्याचबरोबर कारखाना, पतपेढी, शाळा व निवडणूक यांची सूत्रे काही ठिकाणी एकाच घराच्या हाती एकवटण्याचा धोकाही निर्माण झाला. या नव्या सत्ताधीशाचे चित्रण करताना जुन्या तमाशापटांतील रगेल, स्त्रीलंपट पाटलाचा साचा अपुरा होता. नवा सत्ताधीश विकासाची भाषा बोलणारा, संस्था उभारणारा आणि पाहुण्यांचे आदरातिथ्य करणारा होता.

चित्रपटाशी संबंधित बहुतेक मंडळी रंगभूमीवरून आलेली होती. तेंडुलकरांचे घाशीराम कोतवाल हे नाटक पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली १९७२ मध्ये रंगमंचावर आले होते. त्याचे संगीत चंदावरकरांचे होते व नाना फडणविसांची भूमिका आगाशे यांनी केली होती. सत्ता माणसाला कशी घडविते व कशी मोडते, याचा विचार त्या नाटकातही होता. दिग्दर्शक म्हणून पटेल यांचा हा पहिलाच चित्रपट. ते व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ, लागू हे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक, तर आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. निर्माते फुटाणे हे चित्रकलेचे शिक्षक आणि वात्रटिकाकार म्हणून परिचित होते. सारांश, चित्रपटधंद्यात मुरलेल्या मंडळींपेक्षा बाहेरून आलेल्यांचा वाटा या निर्मितीत मोठा होता.

हिंदुराव धोंडे पाटील हा एका गावाचा सर्वेसर्वा. साखर कारखाना त्याच्या मुठीत असून गावातील प्रत्येक व्यवहार त्याच्या मर्जीने चालतो. या गावात एक अनोळखी, व्यसनाधीन, उतारवयाचा मास्तर येऊन पडतो. एकेकाळी तो गांधीवादी व स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्ता होता; स्वातंत्र्यानंतरच्या भ्रमनिरासाने खचलेला आहे. हिंदुरावाला या माणसाविषयी कुतूहल वाटते आणि तो त्याला आश्रय देतो. गावात वावरताना मास्तरच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडते. हा लष्करातून परतलेला गावकरी नाहीसा झालेला असतो. परंतु त्याचा विषय निघताच लोक गप्प होतात. त्याचे काय झाले, हा प्रश्न मास्तर पुन्हा पुन्हा विचारीत राहतो. अखेर त्या प्रश्नाच्या रेट्याने हिंदुरावाला आपल्या कृत्याला सामोरे जावे लागते.

येथे गुन्हेगार कोण याविषयी प्रेक्षकाला फारशी शंका उरत नाही. उत्कंठा असते ती प्रश्न उच्चारला जाईल की नाही याची. सामान्य रहस्यपटात सत्य लपलेले असते व शोधक ते हुडकून काढतो. सामनामध्ये सत्य साऱ्या गावाला ठाऊक आहे. नाही ती केवळ ते बोलण्याची मुभा. म्हणूनच ते बोलणारा माणूस दारूच्या नशेत असावा, यात विलक्षण उपरोध साधला आहे. शुद्धीवर असलेले गाव मूक आणि झिंगलेला मास्तर तेवढा सत्यवक्ता! हिंदुराव व मास्तर यांच्या संवादांतील खेळकरपणा, परस्परांविषयीचे आकर्षण आणि शाब्दिक चकमकी प्रेक्षकाला हसवितात. मात्र ज्याच्या आदरातिथ्यावर आपण हसलो त्याच्याच राज्यात एक माणूस नाहीसा झाला आहे, याची जाणीव ते हसू टिकू देत नाही. व्ही. शांताराम यांच्या पिंजरा (१९७२) या चित्रपटात लागूंनी आदर्शापासून ढळणारा मास्तर रंगविला होता. सामनामधील मास्तर आधीच ढळलेला आहे आणि त्या अवस्थेतून तो पुन्हा उभा राहू पाहतो. निळू फुले यांनी आवाज न चढविता, हलक्या हास्याने व नजरेने हिंदुरावाची दहशत उभी केली. त्यामुळे हे पात्र निव्वळ खलनायक न राहता एका व्यवस्थेचे प्रतिनिधी बनले.

गुन्ह्याच्या कथेतून राजवटीचे चित्र उभे करण्याची ही रीत पुढे अन्य देशांतही प्रभावीपणे वापरली गेली. दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक बोंग जून-हो यांचा मेमरीज ऑफ मर्डर (२००३) हा चित्रपट त्याचे ठळक उदाहरण होय. ह्वासाँग परिसरात १९८६ ते १९९१ या काळात झालेल्या स्त्रीहत्यांवर तो आधारलेला असून त्याचे मूळही एका नाटकात आहे. त्यातील पोलिसांची फजिती हास्यास्पद वाटते. पण त्याच पोलिसांच्या कोठडीतील मारहाण पाहताना लष्करी वळणाच्या राजवटीत नागरिकाचा जीव किती स्वस्त होता, हे उमगते. खरा गुन्हेगार २०१९ मध्ये डीएनए चाचणीमुळे निश्चित झाला. दोन्ही चित्रपटांची सामाजिक परिस्थिती भिन्न आहे. कोरियन चित्रपटात सत्य कोणालाच सापडत नाही, तर सामनामध्ये ते सर्वांना ठाऊक असून कोणी बोलत नाही. मृताला न्याय न मिळण्याचे कारण समाजरचनेतच शोधावे, हा आग्रह मात्र दोहोंत समान आहे.

सामना १९७५ च्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखविण्यात आला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास लाभला. त्याच वर्षी जून महिन्यात देशात आणीबाणी जाहीर झाली व प्रश्न विचारण्याच्या अधिकाराला वेगळेच महत्त्व प्राप्त झाले. तेंडुलकर, पटेल, फुले व लागू हे पुढे सिंहासन (१९७९) या चित्रपटात पुन्हा एकत्र आले. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर आधारित त्या चित्रपटात सत्तेचे केंद्र गावाकडून राजधानीकडे सरकले. सामनामधील सत्ताधीश साकारणारे फुले तेथे सत्तेचा खेळ पाहणारा पत्रकार झाले, तर लागू सत्तेच्या स्पर्धेतील मंत्री.

निळू फुले यांचे २००९ मध्ये व श्रीराम लागू यांचे २०१९ मध्ये निधन झाले. पिंपरी-चिंचवड परिसरातील पिंपळे गुरव येथील नाट्यगृहास फुले यांचे नाव देण्यात आले आहे. मारुती कांबळेविषयीचा प्रश्न तर चित्रपटाच्या मर्यादा ओलांडून मराठी भाषेत रुळला. एखादे प्रकरण दडपले जात आहे असे वाटले, की भाषणांत व वृत्तपत्रांच्या स्तंभांत तो आजही विचारला जातो. ज्या नावाचा उच्चार करण्यास कथेतील गाव धजत नव्हते, ते नाव अशा रीतीने साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले.