दप्तर बदलते तेव्हा
(धार आणि देवास यांच्या इतिहासातील एक धडा)

विंडोज १० या संगणकप्रणालीची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्या तारखेच्या आगेमागे देशातील असंख्य कचेऱ्यांत नवी प्रणाली आली, तशी ती आमच्या लहानशा कचेरीतही आली. आमची वकिली माळव्यातली. धार आणि देवास या दोन जिल्ह्यांतील जमीनजुमल्याचे व देवस्थानांचे दावे हा तिचा मुख्य भाग. आमचे वृद्ध कारकून दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे खुर्चीवर येऊन बसले. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात ज्या ठिकाणी त्यांचा हात वर्षानुवर्षे न पाहता जात असे, तेथे आता काहीच नव्हते. ते कोणाशी काही बोलले नाहीत. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि अर्ज हाताने लिहावयास घेतला.

दुपारी आम्ही स्वतः एक जुने प्रकरण उघडून पाहिले. ते एका राममंदिराच्या पुजाऱ्याचे होते. कैफियतीत जेथे 'राम' हा शब्द असावयास हवा होता, तेथे जे, के आणि ई अशी तीन इंग्रजी अक्षरे शेजारी शेजारी उभी होती. पंचवीस पाने याच भाषेत होती. ती कोणत्याच माणसाची भाषा नव्हती.

दोष नव्या यंत्राचा नव्हता. जुनी कागदपत्रे वेळीच नव्या पद्धतीत उतरवून ठेवण्याचे आम्ही टाळले होते, म्हणून तो आमचाच होता. परंतु त्या रात्री आमच्या मनात एक विचार आला तो हा, की ज्या भूमीत आम्ही वकिली करतो त्या भूमीला हा अनुभव मुळीच नवा नाही. राज्य म्हणजे तरी काय? माणसांचे व्यवहार ज्या नियमांनी, ज्या लिपीत आणि ज्या कालगणनेत चालतात ती एक प्रणालीच होय. धार आणि देवास येथील प्रजेने ही प्रणाली अडीच-तीनशे वर्षांत अनेकदा बदललेली पाहिली. प्रत्येक वेळी तिच्यापुढे एकच प्रश्न उभा राहिला : जुने कागद आता वाचणार कोण?

पहिला बदल मराठ्यांनीच घडविला. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी आजच्या धार जिल्ह्यातील अमझेरा येथे चिमाजी आप्पांच्या फौजेने मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर यास रणांगणावर पाडले, आणि माळव्याचे दार उघडले. पवार घराण्यातील उदाजी व आनंदराव यांनी धार येथे, आणि तुकोजी व जिवाजी या बंधूंनी देवास येथे आपली सत्ता बसविली. १७४१ साली बादशहाने माळव्यावरील पेशव्यांचा अधिकार मान्य केला. तोवर वसुलीचा कागद फारसीत होता, तो आता मराठीत, मोडी लिपीत लिहिला जाऊ लागला. कारकून बोरूने आधी पानभर आडवी रेघ ओढी आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरे गुंफीत जाई. त्या लिपीत ऱ्हस्वदीर्घाचा विवेक नसे, शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नसे, विरामचिन्हे नसत. वेग मात्र विलक्षण होता, आणि राज्यकारभारास वेगच हवा होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शिवछत्रपतींनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द रूढ व्हावेत म्हणून. तरीही पेशवाईतील कागद फारसी शब्दांनी भरलेलेच राहिले, आणि 'दप्तर', 'तहसील', 'वसूल' हे शब्द आजही आमच्या रोजच्या अर्जांत आहेत. राज्यकर्ता लिपी बदलू शकतो, परंतु कारकुनाच्या बोटांतील सवय आज्ञेने बदलत नाही. ती बदलावयास एक पिढी लागते, आणि कित्येकदा तेवढ्यानेही भागत नाही.

दुसरा धडा देवासचा. हा इतका चमत्कारिक आहे की परगावच्या माणसास तो खरा वाटत नाही. दोघा बंधूंच्या वंशजांनी एकाच गावात दोन राज्ये केली. एक देवास थोरली पाती, दुसरे देवास धाकटी पाती. जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की गावाच्या मुख्य रस्त्याच्या दोन बाजूंस दोन वेगळे कारभार होते, आणि पाण्याची व दिवाबत्तीची व्यवस्थाही दोन्हीकडे निरनिराळी होती. रस्ता ओलांडला की राजा बदले. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव यांचे खासगी चिटणीस म्हणून येथे राहिले. त्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकास ज्या देवीच्या टेकडीचे नाव दिले, ती टेकडी मात्र दोन्ही पात्यांच्या प्रजेस सारखीच दिसे, आणि दोन्हीकडची माणसे तिच्या पायऱ्या चढून दर्शनास जात.

आजच्या तरुणांना आम्ही सांगतो की एकाच यंत्रावर दोन प्रणाली बसविण्याची जी युक्ती तुम्ही करता, तिचा प्रयोग देवासने आधीच करून पाहिला आहे. त्यात सोय होती तशी अडचणही होती. दोन व्यवस्था सांभाळावयाच्या म्हणजे खर्च दुप्पट, माणसे दुप्पट, आणि सीमेवरचा तंटा कायमचा. तथापि ज्या प्रजेला दोन्ही रीती ठाऊक होत्या ती एकीच्या बंद पडण्याने गोंधळून गेली नसती, हाही त्यातील लाभ नाकारता येणार नाही.

तिसरा आणि सर्वांत मोठा बदल २८ मे १९४८ रोजी झाला. ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील लहान संस्थाने एकत्र होऊन मध्यभारत हे राज्य स्थापन झाले. धार त्यात आले. देवासच्या दोन्ही पात्या त्यात विलीन झाल्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंवर प्रथमच एक कारभार आला. कारभाराची भाषा हिंदी झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारतही संपले आणि मध्यप्रदेश आला. आठ-नऊ वर्षांत धारच्या एका पटवाऱ्याने तीन सरकारांच्या हाताखाली काम केले.

आता येथे विधिशास्त्राने जे शहाणपण दाखविले ते यंत्रशास्त्राने शिकण्याजोगे आहे. राज्यघटनेच्या ३७२ व्या अनुच्छेदाने घटनेपूर्वीचे कायदे, ते बदलले वा रद्द केले जाईपर्यंत, चालू ठेवले. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याच्या ११९ व्या कलमाने हेच तत्त्व पुन्हा सांगितले : सीमा बदलली म्हणून त्या प्रदेशातील कायदा आपोआप बदलत नाही. म्हणून मध्यप्रदेश झाल्यानंतरही धार-देवासच्या शेतकऱ्यास मध्यभारताचा भू-राजस्व आणि काश्तकारी कायदाच लागू राहिला. त्या कायद्याच्या नावातच संवत् २००७ असे विक्रमसंवताचे वर्ष आहे, म्हणजे इसवी सन १९५०. पुढे १९५९ ची भू-राजस्व संहिता आली आणि जुन्या कायद्यातील 'पक्का कृषक' हा नव्या संहितेत 'भूमिस्वामी' झाला. नाव बदलले, हक्क टिकला. जुन्या नावाचा नव्या नावाशी सांधा जोडणारे कलम संहितेत मुद्दाम घातले गेले, म्हणूनच तो टिकला. आजही आम्हाला न्यायालयात संवत् आणि सन यांचा मेळ घालून दाखवावा लागतो, आणि त्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही.

कायद्यास हे साधले. लिपीस साधले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी शाळांतून मोडी शिकविली जात असे. पुढे ती गेली. छापखान्याने बाळबोध रूढ केली होती आणि टंकयंत्राने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. माळव्यातील मराठी घरांत तर भाषाच कचेरीतून उठून माजघरात जाऊन बसली, मग लिपीची काय कथा!

ज्या पुजाऱ्याच्या कैफियतीचा वर उल्लेख आला, त्याच्याच घरी एक मोडी कागद होता. तो आपल्या शेताची सनद आहे या श्रद्धेने तीन पिढ्यांनी तो देवघरात, तांबड्या फडक्यात बांधून ठेवला होता. दाव्यात तो हजर करावा असा त्यांचा आग्रह होता. गावात मोडी वाचणारे शेवटचे गृहस्थ वारून बरीच वर्षे झाली होती. आम्ही तो पुण्याच्या एका जाणकारांकडून वाचवून घेतला. त्यात शेताचा उल्लेखच नव्हता. देवापुढील नंदादीपासाठी दरमहा तेलाची नेमणूक करून दिल्याचा तो कागद होता. आम्ही हे सांगितले तेव्हा पुजारीबुवा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वकीलसाहेब, वडिलांनी या कागदाच्या भरवशावर तडजोड नाकारली होती हो."

हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. १९४८ साली त्या गावात मोडी जाणणारी माणसे होती आणि बाळबोध जाणणारीही होती. एक दुपार दोघे शेजारी बसते, तर एका कुटुंबाची उणीपुरी सत्तर वर्षे चुकीच्या आशेवर गेली नसती. दाव्यापुरते आम्ही पुढे खसऱ्याच्या नोंदींवर उभे राहिलो. तो न्यायप्रविष्ट असल्याने अधिक लिहिणे योग्य नव्हे.

मोडीचे जे दोनशे वर्षांत झाले, तेच आमच्या डोळ्यांदेखत वीस वर्षांत होत आहे. मध्यप्रदेशातील कचेऱ्यांत रेमिंग्टन टंकयंत्राच्या कळांवर बेतलेले कृतिदेवसारखे टंक दीर्घकाळ वापरले गेले. त्यांची युक्ती अशी, की यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरच साठविले जाते, फक्त त्याला देवनागरीचा मुखवटा चढविलेला असतो. 'क' म्हणून जे दिसते ते आत 'डी' असते. 'राम' म्हणजे जे, के, ई. मुखवटा काढला की आतले इंग्रजी उघडे पडते. युनिकोड या जागतिक संकेतात, उलटपक्षी, प्रत्येक देवनागरी अक्षरास त्याचा स्वतःचा क्रमांक आहे. जुने लेखन नव्यात उतरविणारी साधने आहेत; परंतु जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर टंकित होत असल्यामुळे रूपांतरात नेमक्या याच ठिकाणी चुका राहतात. 'कर्ज' आणि 'शर्त' या शब्दांवरच जेथे दावा उभा असतो, तेथे रफाराची चूक ही लहान चूक नव्हे.

न्यायालयांनाही या स्थित्यंतरातून जावे लागले. ई-न्यायालय प्रकल्पात मुक्त प्रणालीचा अंगीकार करण्यात आला, उबुंटू ही प्रणाली निवडली गेली, आणि देशभर न्यायाधीशांस व कर्मचाऱ्यांस तिचे शिक्षण देण्यात आले. धार व देवास येथील जिल्हा न्यायालयेही याच जाळ्यात आहेत. पूर्वी प्रकरण कोणत्या रुमालात बांधले आहे हे एका कारकुनास ठाऊक असे. आता प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षरांकांची खूण आहे आणि ती सांगितली की पक्षकारास घरबसल्या तारीख कळते. या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यास २०२३ साली ७२१० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. मुक्त प्रणालीचा विशेष हा, की तिची रचना कोणासही उघडून पाहता येते.

या संदर्भात धारच्याच एका राजाचे स्मरण होते. अकराव्या शतकात येथे राज्य करणाऱ्या भोजदेवाच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' हा ग्रंथ आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेने तो गेल्या शतकात छापला. त्यात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय असून, यंत्रांची घडण उघड करून सांगितली नाही ती गुप्ततेसाठी, अज्ञानामुळे नव्हे, असा खुलासा ग्रंथकाराने केला आहे. भोजराजाविषयी आमच्या मनात अपार आदर आहे. परंतु त्या गुप्ततेचा परिणाम असा झाला की यंत्रांची वर्णने उरली आणि यंत्रे गेली. आपल्या मंदिरांच्या वह्या, महाजनांच्या याद्या आणि उत्सवांचे हिशेब ज्या प्रणालीत ठेवावयाचे, तिची किल्ली एकाच्याच कनवटीला असू नये, एवढा बोध आम्ही यातून घेतो. जी कोंकणी भाषा देवनागरी, रोमी, कानडी, मल्याळम आणि फारसी-अरबी अशा पाच लिप्यांत लिहिली गेली, तिच्या वाचकांस हे अधिक समजावून सांगावे लागू नये. एका घरच्या दोन शाखांची पत्रे एकमेकींस वाचता येत नाहीत, हे दुःख त्यांना परिचित आहे.

आमच्या कचेरीत शेवटी काय झाले ते सांगून हा लेख पुरा करतो. आम्ही नवशिक्या मदतनिसास वृद्ध कारकुनांच्या शेजारी बसविले. मदतनीस जुनी फाइल नव्या संकेतात उतरवी, कारकून छापील प्रत हाती घेऊन ओळ न् ओळ ताडून पाहत, आणि प्रत्येक रफारावर बोट ठेवीत. मधल्या वेळात मदतनिसाने त्यांना नव्या पडद्यावरच्या वाटा दाखविल्या. पहिल्या आठवड्यात कारकून चिडत, दुसऱ्यात विचारू लागले, आणि महिन्याभराने त्यांनी मदतनिसाचीच एक चूक दाखवून दिली. राममंदिराच्या पंचवीस पानांत सतरा ठिकाणी दुरुस्ती करावी लागली. ती करणारा माणूस आणखी पाच वर्षांनी आम्हाला लाभला असता असे नाही.

मोडी लिपीस २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. म्हणजे आजच्या यंत्रास मोडीचे अक्षर ठाऊक आहे. वाचणारी माणसे मात्र थोडी उरली आहेत. यंत्र जुन्या अक्षरास जागा देऊ शकते, अर्थ मात्र माणसानेच माणसास द्यावा लागतो, आणि तोही दोघे हयात असताना. ज्यांच्या घरी वा देवळात असा एखादा जुना कागद बांधून ठेवलेला असेल त्यांनी, तो कोणत्याही लिपीत असो, या वर्षीच सोडून वाचवून घ्यावा, अशी आमची विनंती आहे.