फ्लोट, आउटबोर्ड एंजिनाच्या कार्ब्युरेटरचा

कार्ब्युरेटरच्या कोठीतील इंधनाची पातळी स्थिर राखणारा तरंगता भाग. कोठी भरू लागली की फ्लोट वर उचलला जाऊन सुईच्या आकाराची झडप इंधनाचा मार्ग बंद करते. पातळी उतरली की झडप उघडते. पातळी चढल्यास मिश्रणात इंधन अधिक होते, उतरल्यास कमी.

प्रारंभीच्या एंजिनांत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तीत बाष्प मिसळीत. १८९३ मध्ये जर्मन अभियंते व्हिल्हेल्म माइबाख यांनी फ्लोट व फवारा-तोटी असलेला कार्ब्युरेटर प्रचारात आणला. त्याच सुमारास हंगेरीत डोनाट बांकी व यानोश चोंका यांनीही तशी रचना केली. होडीच्या पिछाडीस बाहेरून अडकविण्याच्या एंजिनाला अमेरिकेत कॅमरन वॉटरमन व १९०९ पासून ओले एव्हिनरूड यांनी बाजारपेठ मिळवून दिली. पुढे अशा एंजिनांत फ्लोट सर्वसाधारण झाला.

पूर्वी फ्लोट बुचाच्या लाकडाचे असत व त्यांवर लाखेचा लेप देत. लेप तडकल्यास बूच इंधन शोषून जड होई. मद्यार्कमिश्रित पेट्रोलात लाख विरघळत असल्याने हा दोष अधिक जाणवू लागला. पितळी पत्र्याचा पोकळ फ्लोट शोषण करीत नाही. परंतु सांधा फुटल्यास त्यात इंधन शिरते. गरम पाण्यात बुडविल्यावर निघणाऱ्या बुडबुड्यांवरून गळती कळते. मात्र डाख दिल्याने फ्लोटचे वजन वाढून पातळी बिघडते. नंतर प्लॅस्टिकचे फ्लोट रूढ झाले.

जड झालेला फ्लोट झडप पूर्ण मिटू देत नाही. कोठी ओसंडते, एंजिन गुदमरते, आणि होडी किनाऱ्यापासून दूर अडकते. याहून मोठा धोका आगीचा असतो : पेट्रोलाची वाफ हवेपेक्षा जड असल्याने होडीच्या तळाशी साचते व एका ठिणगीने पेटू शकते. म्हणून फ्लोट बदलणे हे केवळ दुरुस्तीचे नव्हे, तर सुरक्षिततेचेही काम ठरते.

बदलताना इंधनपुरवठा बंद करून कोठी रिकामी करतात व बिजागरीची पिन काढून फ्लोट सोडवितात. सुई झिजली असल्यास तीही बदलतात; अन्यथा नवा फ्लोटही निरुपयोगी ठरतो. नंतर कार्ब्युरेटर उलटा धरून फ्लोटची उंची निर्मात्याने दिलेल्या मापाशी जुळवितात, नवे गॅस्केट बसवितात व गळती तपासतात.

अमेरिकेने १९९६ मध्ये आउटबोर्ड एंजिनांच्या उत्सर्जनावर मर्यादा घातल्या. त्यानंतर मोठ्या एंजिनांत इंधन-अंतःक्षेपण पद्धती रूढ झाली व तेथे कार्ब्युरेटर मागे पडला. लहान व जुन्या एंजिनांत मात्र फ्लोटचे महत्त्व टिकून आहे.